टारझनच्या जंगलात रोही नाही

जंगलपटाचा खरा समीक्षक वर्तमानपत्राच्या कचेरीत बसत नाही. तो कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या शिवारात, तुरीच्या मधोमध चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर बसतो. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, उशाला तेलाचा रिकामा डबा आणि तो बडवायला काठी. मध्यरात्रीनंतर रोही, म्हणजे नीलगायी, येतात, त्यांच्या मागून डुकरं येतात आणि उजाडलं की वानरं पाळीवर हजर होतात. जंगली प्राणी म्हणजे काय, हे या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. त्याच्या हरभऱ्याचा निम्मा हिशेब त्यांच्याच नावावर पडतो. आणि तरीही टारझनचा पिक्चर लागला की पहिल्या रांगेत मांडी घालून बसणारा हाच.

हे कोडं मला फार जुनं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या कयाधूकाठच्या गावांत गणपतीला व्हिडिओ आणायची पद्धत होती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावं लागलं. तर त्या तालुक्याच्या गावाहून भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी गोधडीत गुंडाळून यायच्या. कॅसेटींचा क्रम ठरलेला असे. पहिली देवाची, म्हातारी माणसं पेंगेपर्यंत. दुसरी मारामारीची, ती संपेपर्यंत बायाबापड्या लेकरं उचलून घरी. आणि तिसरी ‘टारझन’. तिची वेळ रात्री दीडची का, हे मंडळाचे कार्यकर्ते सांगत नसत, पण त्यात किमी काटकर आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. पोरांना हाकलून दिलं जाई. हाकललेली पोरं मागच्या बाजूनं लिंबावर चढत. त्यामुळे पडद्यावर एक टारझन फांदीवर आणि पडद्यासमोर डझनभर, असा तो खेळ व्हायचा.

‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टारझन’ हा १९८५चा, दिग्दर्शक बब्बर सुभाष. याच गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी ‘डिस्को डान्सर’ काढला होता, आणि संगीत दोन्हीकडे बप्पी लाहिरींचं. हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. तिथं मिथुनला गिटार दिली होती, इथं हेमंत बिर्जेला जंगल दिलं. बाकी तालमीत फारसा फरक नाही. कथा सांगावी एवढी नाही. शहरातली माणसं जंगलात येतात, रुबी नावाची मुलगी जिथं पाय ठेवेल तिथं संकट उगवतं, टारझन तिला सोडवतो, ती पुन्हा पाय ठेवते. शेवटी टारझनला पकडून सर्कशीत नेतात. आमच्याकडे या शेवटाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. जंगलातून बाहेर पडलेल्याला कुठंतरी काम मिळालं, एवढ्यावर लोक समाधानी होते.

तक्रारी वेगळ्याच होत्या. माझे धाकटे काका, ज्यांनी उभा जन्म जागलीत काढला, ते व्हिडिओसमोर बसले की मोठ्यानं परीक्षण करत. त्यांचा पहिला आक्षेप दाढीवर होता.

“ह्याची दाढी कोण करतं म्हणावं? जंगलात दुकान हाय का?”

यावर कुणीतरी म्हणालं की त्याला दाढी येतच नसेल. काका म्हणाले, “मग डोक्याला कसे आलेत एवढे?” प्रश्न बिनतोड होता. पुढचा आक्षेप पायांवर. टारझन अनवाणी पळतो. आमच्या भागात अनवाणी पळायचं म्हणजे आधी वेड्या बाभळीची परवानगी काढावी लागते. तिचा काटा चपलेचा तळवा फोडून आत येतो आणि मग माणूस जी आरोळी ठोकतो ती टारझनच्या आरोळीपेक्षा अधिक मनापासून असते. तिसरा आक्षेप वेलींवर. आमच्या रानात पळस, साग, सालई, धावडा. त्यांवर चढलेली गुळवेल काढ्याला चांगली, पण माणसाचा भार घेऊन नाल्यापलीकडे पोचवेल अशी तिची नियत नाही. एका पोरानं दुसऱ्या दिवशी वडाची पारंबी धरून प्रयोग केला. पारंबी टिकली, हात सुटला. पोरगं जिथं पडलं तिथं शेणखताचा ढीग होता म्हणून निभावलं.

पण काकांचा सगळ्यात खोल आक्षेप गोचिडांवर होता. एवढ्या जनावरांत लोळणारा माणूस, उघड्या अंगाचा, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही खाजवत नाही! बैल धुताना पाच मिनिटं जवळ उभं राहिलं तरी आपल्याला काखेत शोधावं लागतं. “हे जंगल निर्जंतूक केलेलं हाय,” असा निकाल देऊन काका पुढं सरकले. अंतर कमी झालं, कारण तेवढ्यात किमी काटकर पाण्यात उतरली होती.

आणि रोही कुठंय? हा प्रश्न मात्र मला आजही पटतो. जंगलपटात सिंह असतो, हत्ती असतो, मगर हमखास असते, कारण नायिकेला नदीत उतरवायचं असतं. पण ज्याच्याशी माणसाची खरोखर गाठ पडते तो रोही नाही, रानडुक्कर नाही, मोर असला तर फक्त नाचापुरता. आमच्याकडे मोर भुईमूग उकरतो. हा त्याचा उद्योग एकाही गाण्यात आलेला नाही.

एवढं सगळं एकट्या बब्बर सुभाष यांच्या माथी मारणं बरं नाही. मूळ पुरुषच तसा. टारझन ज्यानं जन्माला घातला तो एडगर राइस बरोज हा अमेरिकन लेखक आयुष्यात कधी आफ्रिकेला गेला नाही. १९१२ साली मासिकात गोष्ट छापून आली तेव्हा त्यानं आफ्रिकेच्या जंगलात खुशाल वाघ सोडला होता. आफ्रिकेत वाघ नसतो हे ध्यानात आल्यावर पुस्तक छापताना त्या वाघाची सिंहीण करण्यात आली. एवढ्या सहज जात बदलून मिळणं माणसाला कठीण. पुढं १९३२ साली हॉलिवूडनं जॉनी वाइसम्युलरला टारझन केलं. अभिनयाचा प्रश्न नव्हता, तो पोहण्यात ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं घेतलेला गडी होता. हत्तींचा प्रश्न होता. आफ्रिकी हत्ती सहज माणसाळत नाहीत म्हणून आशियाई हत्ती आणले आणि त्यांना आफ्रिकी दिसावेत म्हणून मोठे खोटे कान लावले. म्हणजे आपल्याकडच्या हत्तीनं परमुलखात कान वाढवून नोकरी केली. पोटासाठी काय काय करावं लागतं!

त्याची उतराई आपण लगेच केली. १९३७ साली होमी वाडियांनी ‘तूफानी टारझन’ काढला, त्यात जॉन कावस, आणि १९५८ साली पुन्हा त्याच धर्तीवर ‘झिंबो’. साठच्या दशकात तर दारासिंगांनाच टारझन केलं. कुस्तीचा आखाडा आणि जंगल यांत फरक एवढाच की जंगलात पंच नसतो.

आता दोषांचा राजा. केबल गावात आलं तेव्हा त्याच्या मागून ‘अ‍ॅनाकोंडा’ आला. १९९७चा अमेरिकन सिनेमा, लुईस योसा यांचा. हिंदी बोलणारी जेनिफर लोपेझ आणि हिंदीतच दात-ओठ खाणारा जॉन व्हॉइट. अ‍ॅमेझॉनच्या नदीत बोट, बोटीवर माणसं आणि ती एकेक करून कमी करणारा साप. मायदेशी त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाच्या ‘रॅझी’ पुरस्कारासाठी त्याचं नाव पुढं आलं होतं. आमच्याकडे तो इतक्यांदा लागला की बायका भाकरी थापता थापता सांगत, “आता ह्याला गिळणार बघ.”

सापाच्या बाबतीत आमच्या माणसाला फसवणं अवघड. पावसाळ्यात पाणी द्यायला गेलं की घोणस, घरात उतरंडीमागं मण्यार, गंजीत धामण. त्यामुळे तो अजस्र साप किंचाळला तेव्हा सबंध ओसरी हादरली, पण भीतीनं नव्हे.

“सरप वरडतोय का कुठं?”

“इंग्लिश सरप हाय तो.”

“मग हिंदीत काहून वरडायला?”

त्याची भूक हा दुसरा वाद. धामण एक घूस गिळते आणि मग दिवसचे दिवस कुडाच्या सावलीत पडून राहते. ही अ‍ॅनाकोंडाबाई एक माणूस पोटात गेला की तोंड पुसून दुसऱ्याच्या मागं. सिनेमानं यावर खुलासा ठेवलाय. सुरुवातीलाच पडद्यावर लिहून सांगितलंय की हा साप गिळलेलं ओकून टाकतो, पुन्हा मारण्याचा आनंद घ्यायला मोकळा होतो. अशी दोन-चार माणसं आम्ही लग्नाच्या पंगतीतही पाहिलेली असल्यानं खुलासा मान्य झाला. पण शेवटाकडं जॉन व्हॉइटचा शिकारी सापाच्या पोटातून अर्धा विरघळून बाहेर पडतो आणि नायिकेला चक्क डोळा मारतो, तेव्हा काका उठून उभे राहिले. म्हणाले, “पैसे वसूल.” पैसे दिलेलेच नव्हते, तरीही.

आणि तो धबधबा! बोट मागं जाते आहे असं दाखवायला त्यांनी बहुधा पुढं जाणाऱ्या बोटीची फीत उलटी फिरवली. बोट गेली मागं, पण मागचा धबधबा खालून वर चढू लागला. जगभर या दृश्यावर लोक हसतात. आमच्या ओसरीवर कुणी हसलं नाही. हिंगोली जिल्ह्यात सिंचनाचा अनुशेष हा शब्द लेकरं पाढ्यांबरोबर शिकतात. सिद्धेश्वर धरण आमच्या औंढा तालुक्यात, येलदरी हाकेच्या अंतरावर, इसापूर पैनगंगेवर, आणि तरी बऱ्याच शिवारांत पाणी बघायचं तर आभाळाकडं बघावं लागतं. अशा ठिकाणी पाणी विनावीज, विनामोटार डोंगर चढताना दिसल्यावर माणूस हसेल कसा? एकजण गंभीरपणे म्हणाला, “ही उपसा योजना कोणत्या ठेकेदाराची?”

दोष काढायचे तर असे पोत्यानं निघतील. पण आमच्या माणसाला दोष दिसत नाहीत म्हणून तो पाहतो, असं कुणी समजू नये. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे. रामलीला मैदानावर रामलीला होते, वानरसेना येते. त्या वानराचं शेपूट दोरीचं आहे हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं, शेपटाखालून सतरंजीच्या रंगाची चड्डी दिसते, आणि तरीही लंका पेटायची तेव्हा पेटतेच. असल्या प्रेक्षकाला दोरीचं शेपूट नवं नाही. त्याला हवं असतं ते त्या शेपटाच्या पलीकडं.

ते काय, हे मला एका भोंग्यानं दाखवलं.

डुकरांना पळवायला अलीकडं शेतात भोंगा लावतात. आधी जुन्या साड्या लावून झाल्या. ज्वारीभोवती लाल-हिरव्या नऊवारी-पाचवारीचं कुंपण, लांबून पाहणाऱ्याला वाटावं इथं महिला मंडळाचा कार्यक्रम आहे. मग झटका मशीन आली. मग हा भोंगा, बॅटरीवर चालणारा. त्यात आवाज भरलेले असतात: कुत्र्यांचं भुंकणं, माणसांची हाळी, फटाके आणि मधूनच एक डरकाळी. ती डरकाळी कुठल्याशा सिनेमातूनच उचललेली असणार, कारण खरा वाघ इतका वेळेवर आणि इतका पाठोपाठ ओरडत नाही. सिनेमाच्या डरकाळ्यांचाही काही भरवसा नाही. एमजीएम कंपनीच्या पाटीवरचा तो जगप्रसिद्ध सिंह तोंड उघडतो, पण ऐंशीच्या दशकात मार्क मँगिनी या ध्वनितज्ज्ञानं त्याची गर्जना नव्यानं तयार केली तेव्हा आवाज वाघांचे वापरले होते. सिंहाच्या आवाजात दरारा कमी पडला म्हणे. बरोजनं वाघाची सिंहीण केली होती, इथं सिंहाला वाघाचा गळा मिळाला. हिशेब चुकता झाला.

तर काकांच्या भोंग्यानं पहिले काही दिवस डुकरं थबकली. बांधावर उभी राहून ऐकत असावीत. नंतर त्यांना कळलं की हा वाघ दर तीन मिनिटांनी ओरडतो आणि लगेच त्याच्यापाठी कुत्री भुंकतात, तरी कुणी कुणाला खात नाही. तेव्हापासून ती भोंग्याच्या खांबाभोवतीचं रान आधी उकरू लागली. तिथली माती भुसभुशीत होती.

अशाच एका रात्री माळ्यावर काकांनी डबा बडवला, बॅटरी मारली, आई-बहिणीवरून हाका दिल्या. एक डुक्कर मान वर करून त्यांच्याकडं पाहत राहिलं. पाहून झाल्यावर पुन्हा खाली मान घालून खाऊ लागलं. सकाळी काका म्हणाले, “टारझन नुस्ता आऽऽ करतो तर हत्ती पळत येतात. मी रातभर बोंबललो तर घरचं कुत्रं आलं न्हाई.”

हेच ते. जंगलपटात जनावर ऐकतं. तिथं एक माणूस असा असतो की त्याच्या एका हाकेला सारं रान उठून उभं राहतं. हत्ती सोंड वर करतो, वानर फळं आणून देतं, सिंह वाट सोडतो. आमचा माणूस रोज रात्री नेमका याच एका गोष्टीसाठी घसा कोरडा करतो आणि त्याला ती मिळत नाही. त्याला खरं जंगल बघायचंच नसतं, ते बघायला तिकीट लागत नाही. त्याला आज्ञाधारक जंगल बघायचं असतं. दाढी, वेली, गोचीड हे सगळं खोटं असल्याशिवाय ते रान हुकुमात येत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तो दोष मोजतो आणि जागचा हलत नाही.

शिवाय तिथं कागद नसतो. टारझनच्या मुलखात हत्तींनी अख्खी वस्ती तुडवली तरी पंचनामा होत नाही, सातबारा जोडा म्हणत नाहीत, नुकसान तेहतीस टक्के की पस्तीस यावर दोन माणसं बांधावर उभी राहून चहा पीत नाहीत. ‘हाथी मेरे साथी’ आला १९७१ साली. राजेश खन्ना आणि त्याचे चार हत्ती. शेवटी रामू हत्ती मरतो तेव्हा आमच्या आज्जीनं पदर ओला केला होता. नेमका त्याच्या पुढं मराठवाड्यात दुष्काळ पडला, आणि आज्जानं त्या चौघांचा हिशेब मांडला. एका हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा. चौघांच्या कडब्याच्या पेंढ्या मोजता मोजता त्यांचा आवाज बदलला. “एक मेला ते बरंच झालं म्हणा,” ते म्हणाले, आणि आज्जी त्यांच्याशी त्या दिवशी बोलली नाही.

आता शेवटची गोष्ट घडलेली आहे, आणि तिच्यात नायक खरा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका वाघाला २०१९च्या फेब्रुवारीत गळ्यात रेडिओ कॉलर घातली. कॉलरमुळं तो कुठं आहे हे उपग्रहाला तासातासाला कळत होतं. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाशी हा तरुण गडी घर सोडून निघाला. आदिलाबादेकडं गेला, नांदेडच्या बाजूनं आला, पैनगंगेच्या कडेकडेनं हिंगोली जिल्ह्यात शिरला, वाशीम-अकोल्याकडून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवरचीच चाल तेराशे किलोमीटरच्या घरात होती, पुढं ती तीन हजारांवर गेली. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. पंढरीची वारी करणाऱ्यालाही इतकं चालावं लागत नाही.

सिनेमा म्हणून पाहिलं तर हा वाघ अगदीच टाकाऊ. दिवसभर नाल्यातल्या झुडपात झोपायचा, रात्री चालायचा. रस्ते ओलांडले, शेतं ओलांडली, वस्त्यांच्या कडेनं गेला, आणि बहुतेकांना तो दिसलाच नाही. खलनायक नाही, पाठलाग नाही. साऱ्या प्रवासात माणसाशी खटका उडाला तो जवळजवळ एकदाच, आणि तोही माणसंच तो पडला होता त्या झुडपात घुसली म्हणून. एक जण जखमी झाला. माणसं झुडपात कशाला घुसली, हे विचारायची गरज नाही. वाघ आलाय म्हटल्यावर आमच्याकडं लोक वाघापासून लांब पळण्याआधी एकदा वाघाकडं पळतात. त्या दिवसांत मोबाइलवर इतके वाघ फिरले की तेवढे ताडोबातही नसतील. एका फोटोत वाघामागं बर्फ होतं. तो सेनगावचा म्हणून पाठवला होता.

नायिकेचाही पत्ता नव्हता. ज्ञानगंगेत पोचल्यावर तिथं वाघीण नाही, म्हणून तो एकटाच राहतोय असं कळलं, आणि त्याच्यासाठी बाहेरून एक वाघीण आणावी का, यावर वनखात्यात विचार सुरू झाला. टारझनला रुबी आपण होऊन जंगलात येऊन भेटली होती. इथं स्थळ सरकारी फाइलीतून जाणार होतं.

ही सगळी हकीगत मी काकांना वाचून दाखवली आणि विचारलं, यावर कुणी पिक्चर काढला तर कसा होईल. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. गाणी नसली तरी चालतील म्हणाले. वाघीण इंटरव्हलनंतर आली तरी हरकत नाही. वाघानं हाक मारल्यावर हत्ती आले पाहिजेत असाही त्यांचा आग्रह नव्हता.

“पण तो रस्त्यानं रानडुकरं खात खात गेला म्हणतोस ना?”

“हो, डुकरं आणि गुरंही.”

“गुरं काढून टाक. डुकरं खायचा सीन आपल्या रानात घ्यायचा. उत्तरेकडल्या धुऱ्याजवळ, हरभरा घाट्यावर आला असताना. आन् कॅमेरा जवळ ठिव म्हणावं, मला त्या मान वर करून बघणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे.”